खुणेला तारीख नसते



आजचं वाचन: निर्गम १६ आणि नहेम्या ८. आधी पवित्र शास्त्र उघडून हे दोन अध्याय वाचा आणि मग पुढचं वाचा, असं मी नेहमी सांगतो. आज ते सांगताना जीभ जरा अडखळते आहे. का, ते कबूल करायलाच बसलोय.

जानेवारीत आमच्या मंडळीच्या तरुण संघानं ठरवलं, की यंदा सगळ्यांनी मिळून वर्षभरात बायबल पूर्ण वाचायचं. कल्पना माझीच. हिशेबही मीच मांडला: ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, ३६५ दिवस, म्हणजे रोज साधारण सव्वातीन अध्याय. तारीखवार तक्ता केला, व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि नियम एकच ठेवला. वाचून झालं की ग्रुपवर हिरवी टिक टाकायची. पहिल्या आठवड्यात तर टिकांचा पाऊस पडला. पाळकसाहेबांनी उपासनेत आमचं कौतुक केलं. मला फार बरं वाटलं (इथेच सावध व्हायला हवं होतं).

उत्पत्ती पटापट संपलं. योसेफाची गोष्ट तर मी ऑफिसच्या बसमध्ये, स्टॉप चुकवून वाचली. निर्गम तांबड्या समुद्रापर्यंत छान गेलं, मग निवासमंडपाचे पडदे, कड्या, आकडे, हात-दीड हात. मग लेवीय. १ फेब्रुवारीच्या रात्री मी लेवीयाच्या तेराव्या अध्यायावर पोहोचलो. ५९ वचनं, आणि विषय काय, तर कातडीवरचा चट्टा, त्यातले केस पांढरे झालेत का, डाग पसरलाय का. कधी झोप लागली कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी वाचन झालं नाही. पण ग्रुपवर सगळ्यांच्या टिका पडत होत्या, आणि ग्रुप माझा. म्हटलं, संध्याकाळी वाचतोच आहे ना, टाकून ठेवू. टाकली.

तुम्ही ओळखलं असेलच. ४ मार्चपर्यंत माझं वाचन ३१ दिवस मागे होतं, म्हणजे शंभर अध्याय. आणि ग्रुपवर माझ्या टिका पूर्ण होत्या. एकही दिवस चुकलेला नाही.

त्या रात्री पावणेबाराला संघातल्या एका मुलीचा मेसेज आला. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "दादा, मी १९ दिवस मागे पडलेय. तुम्हा सगळ्यांचं रोज होतं, माझंच होत नाही. माझा विश्वासच खरा नाही का? ग्रुप सोडू का मी?"

मी उत्तर दिलं: "अगं चालतं, वीकेंडला कव्हर कर." वर हात जोडल्याची खूण.

मोबाईल उलटा ठेवला आणि पडून राहिलो. एक मुलगी स्वतःच्या तारणाबद्दल शंका घेत होती, आणि ती शंका तिच्या मनात पेरायला माझ्या खोट्या टिका कारण झाल्या होत्या. ती स्वतःला माझ्याशी ताडून पाहत होती, आणि तो 'मी' मुळात अस्तित्वातच नव्हता.

झोप येईना तेव्हा उठून आजीचं बायबल काढलं. आजी आमची श्रीरामपूरकडची, चौथीपर्यंत शिकलेली, मिशनच्या शाळेत. रोज दिवेलागणीला ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. तक्ता नाही, तारीख नाही. जिथं थांबली तिथं एसटीचं जुनं तिकीट. मी चौथी-पाचवीत असताना तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दीडेक महिना तिला वाचता आलं नाही, आणि का कोण जाणे, आम्हा कुणाला वाचून दाखवायचंही सुचलं नाही. पट्टी निघाली त्या संध्याकाळी तिनं मला हाक मारली, "बाळा, तिकीट कुठं हाय बघ. तिथनं वाच." मी शहाणपणानं म्हणालो, "आजी, तुझा दीड महिना बुडाला." ती म्हणाली, "बुडाला तर बुडाला. देव काय हप्ते वसूल करतो व्हय?"

त्या रात्री ते तिकीट मला सापडलं नाही. पण आजीचं हे वाक्य आठवलं आणि त्याच्या पाठोपाठ निर्गमाचा सोळावा अध्याय आठवला. तो मी जानेवारीत वाचला होता. वाचला होता म्हणजे, टिक टाकण्याइतका.

इस्राएल लोकांना मिसर देशातून निघून जेमतेम महिना झालेला. बरोबरचं अन्न संपलं, कुरकूर सुरू झाली. परमेश्वर मोशेला सांगतो, की मी आकाशातून भाकर पाडीन आणि लोकांनी रोज बाहेर जाऊन त्या त्या दिवसापुरतं गोळा करावं. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी. मापून पाहिलं तर जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. काहींनी सकाळसाठी ठेवून पाहिलं, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. ऊन तापलं की जमिनीवरचं वितळून जायचं. शब्बाथासाठी मात्र आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, आणि ते नासत नसे.

आता त्या छावणीतला एखादा आळशी माणूस डोळ्यांसमोर आणा. माझ्यासारखा. तंबूत लोळत राहिला, ऊन चढलं, मान्ना वितळला. उपाशी राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तो बाहेर पडला, तर त्याच्या दारापुढं दोन ओमर साठलेले असतील का? अध्यायात अशा माणसाची गोष्ट नाही, हे मान्य. पण माप ठरलेलं होतं, माणशी एक. कालची भाकर आज गोळा करता येत नाही. कालची भूक मात्र खरी होती, ती भोगून झाली. आज समोर जे आहे ते आजचं आहे, आणि ते पुरेसं आहे.

आणि मी तिला काय सांगितलं होतं? वीकेंडला कव्हर कर. १९ दिवसांचे ६२ अध्याय, शनिवार-रविवारात! सातव्या दिवशी मान्ना वेचायला बाहेर पडलेल्या लोकांची गोष्ट त्याच अध्यायात आहे. त्यांना काही सापडलं नाही.

मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांचं वाचन कंटाळ्यानं बंद पडत नाही, थकबाकीनं पडतं. कंटाळा एक दिवसाचा असतो. थकबाकी रोज वाढते. तिसऱ्या दिवशी नऊ-दहा अध्याय, दहाव्या दिवशी बत्तीस. मग बायबल टेबलावर दिसलं तरी सावकार दारात उभा असल्यासारखं वाटतं आणि आपण नजर चुकवतो. ज्या पुस्तकाकडे ओझं उतरवायला जायचं, तेच ओझं होऊन बसतं.

वर्षभरात बायबल वाचण्याचा एक प्रसिद्ध तक्ता स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी बनवला. आजही जगभर लोक तो वापरतात. त्या तक्त्याबरोबर मकशेननी त्याचे फायदे तर लिहिलेच, पण धोकेही लिहून ठेवले: वाचन नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून स्वतःच्या धार्मिकपणाचा गर्व चढेल, बेफिकिरीनं वाचलं जाईल, आणि काहींना हे जू झेपणार नाही. ते पाळक तेव्हा तिशीच्या आतले होते. पुढच्याच वर्षी, २९ व्या वर्षी, वारले. मी तक्ते इंटरनेटवरून भरपूर उतरवून घेतले. धोक्यांचं पान मात्र कुणी पुढं पाठवत नाही. मीही पाठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला फोन केला. मेसेजवर हे सांगणं म्हणजे पुन्हा लपणं झालं असतं. म्हटलं, "अगं, मी ३१ दिवस मागे आहे. टिका खोट्या होत्या."

बराच वेळ काही नाही. मग, "दादा, तू पण?"

त्या 'पण'मध्ये सुटका होती की निराशा, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही. ती रागावली होती, आणि तो राग रास्त होता. म्हणाली, "मी नाइट ड्युटीवरून येऊन रडत वाचायचे रे, तुमच्या टिका बघून." मी क्षमा मागितली. तिनं लगेच "जाऊ दे" म्हटलं नाही, हेही बरंच झालं.

शुक्रवारी संघात सगळ्यांसमोर सांगितलं. आधी शांतता. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "माझ्याही काही टिका तशाच आहेत." मग अजून एक. बावीस जणांत खरोखर तक्त्यावर असलेले तिघे निघाले. त्यातल्या एक आमच्या गायनसंघाच्या काकू, ज्या तरुण संघात कशा आल्या हे कुणालाच माहीत नाही.

त्या दिवशी आम्ही नहेम्याचा आठवा अध्याय मोठ्यानं वाचला. यरुशलेमेची भिंत बांधून झालीय, लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलेत आणि एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय. लेवी समजावून सांगताहेत. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. आपण काय काय विसरलो होतो, ते त्यांना कळतं. अशा वेळी पुढारी म्हणून मी काय केलं असतं? ते रडणं पकडून ठेवलं असतं आणि लगेच नवा तक्ता वाटला असता. नहेम्या, एज्रा आणि लेवी मात्र म्हणतात, की रडू नका. हा दिवस पवित्र आहे. घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेलं नाही त्यांनाही पाठवा.

आणि पुढचा भाग, जो आपण सहसा वाचत नाही. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख वचन समजून घ्यायला पुन्हा एज्राकडे येतात. मांडवांचा सण त्यांना तिथंच सापडतो, आणि सणाचे सातही दिवस रोज वाचन चालतं. उपास, गोणपाट, पापकबुली हे सगळं येतं, पण नवव्या अध्यायात, त्या महिन्याच्या २४ तारखेला. आधी वचन, मग जेवण, मग रोजचं वाचन, आणि त्यातून पश्चात्ताप. आम्ही उलटं करतो. आधी अपराधी वाटून घेतो, आणि त्या अपराधीपणातच वाचन बुडतं.

एकानं चांगला प्रश्न विचारला. मनातून वाटत नसताना, नुसती सवय म्हणून वाचणं हे ढोंग नाही का? मला पूर्वी तसंच वाटायचं. पण लूक ४:१६ पाहा. प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात गेला, ते आपल्या रिवाजाप्रमाणे, आणि वाचायला उभा राहिला. देवाच्या पुत्रालाही रिवाज होता. त्या दिवशी यशयाचं पुस्तक त्याच्या हाती दिलं गेलं आणि त्यानं त्यातली हवी ती जागा काढली, म्हणजे जागा माहीत होती. कोरड्या मनानं वाचणं ढोंग नव्हे. न वाचता टिक टाकणं हे ढोंग. मी आयुष्यभर चुकीच्या ढोंगाला भीत आलो.

टिकांचा नियम बंद केला. आता शुक्रवारी प्रत्येकानं एवढंच सांगायचं, की माझी खूण कुठं आहे, आणि वाचताना मला न कळलेली एक गोष्ट कोणती. या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही 'मान्ना' म्हणतो. कारण ते अन्न पहिल्यांदा पाहून लोकांनी एकमेकांना विचारलं, की हे काय आहे? त्या प्रश्नावरूनच त्याचं नाव पडलं. चाळीस वर्षं त्यांनी प्रश्न खाल्ला म्हणायचं, आणि जगले.

माझ्यापुरतं सांगतो. मी लेवीय तिथंच ठेवलं आणि मार्कापासून सुरुवात केली. सकाळी दूध तापायला ठेवलं की ओट्यापाशी उभा राहून एक परिच्छेद. मोबाईलवर नाही, कागदावर. मोबाईल उघडला की परिच्छेदाआधी ऑफिसचे सात मेसेज येतात. रूममेट म्हणतो, हे काय उभ्याउभ्या? पण बसलो की मी लोळतो, हा माझा अनुभव. पहिल्याच आठवड्यात मार्क १ मध्ये एवढा गुंगलो की दूध उतू गेलं. कामवाल्या मावशींनी शेगडी घासताना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ज्यांना मराठी शास्त्र जड वाटतं, त्यांनी मोठ्यानं वाचून पाहा. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या निम्म्या संघाला तेवढ्यानं फरक पडला. खेड्यातल्या साध्या बाईलाही कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या मुक्तिसदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये देवाघरी जायच्या थोडंच आधी रमाबाईंनी ते काम पुरं केलं. तेव्हा भाषा अवघड म्हणून सोडून देणं आपल्याला तरी शोभत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

मार्काच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. येशू त्याला स्पर्श करून बरं करतो आणि म्हणतो, जाऊन स्वतःला याजकाला दाखव आणि मोशेनं नेमून दिलेलं अर्पण कर. शुक्रवारी मी हाच माझा मान्ना म्हणून मांडला. बरा झालाय ना, मग याजकाला कशाला दाखवायचं? तर आमची नर्सिंगवाली म्हणाली, "दादा, ते लेवीयात आहे. तू जिथं झोपलास ना, तिथंच."

तिनं तेरावा अध्याय वाचला होता. तक्त्याप्रमाणे नाही, नंतर, सावकाश, ड्युटीहून परतताना बसमध्ये. तिची सकाळ दुपारी दोनला होते, म्हणून तिचा मान्नाही तेव्हाच पडतो. ती सांगायला लागली. "हे तर आमचं आयसोलेशन आहे. याजक बघतो, सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा बघतो, शंका असली तर पुन्हा सात दिवस. घाईनं कुणावर शिक्का मारत नाही. पण खरंच रोग निघाला तर त्या माणसानं फाटके कपडे घालायचे, 'अशुद्ध' म्हणून स्वतःच ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. मला ते वाचून वॉर्डातला एक पेशंट आठवला, ज्याला भेटायला कुणी येत नाही." मग तिनं चौदावा अध्याय काढला. तो माणूस बरा झाला, तर तो आत यायच्या आधी याजक त्याला पाहायला छावणीबाहेर जातो.

मग आम्ही मार्काकडे परत आलो आणि ४५ वं वचन पाहिलं. कुष्ठरोगी गावभर सांगत सुटला आणि त्यामुळे येशूला उघडपणे नगरात जाता येईना. तो बाहेर, ओसाड जागी राहिला. बाहेरचा माणूस आत आला, आणि आतला बाहेर गेला. त्यानं त्या माणसाची जागाच घेतली.

खोलीत कुणी बोललं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याचबरोबर लाजही वाटली. ज्या अध्यायावर मी झोपलो आणि एकतीस दिवस खोटं बोललो, त्या अध्यायाशिवाय मला वधस्तंभाकडे जाणारी ही वाट दिसलीच नसती. आणि ती दाखवली कुणी, तर 'माझा विश्वासच खरा नाही का' असं विचारणाऱ्या मुलीनं.

काल माझं वाचन झालं नाही. रात्री उशिरा आलो, सकाळी उशिरा उठलो, दूध रूममेटनं तापवलं. खूण मार्क ६ मध्ये आहे, पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या अलीकडे. थोड्या वेळानं तिथूनच पुढं वाचणार आहे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, आज जो कुणी लेवीयात अडकला आहे, जी कुणी रात्रपाळी करून बसमध्ये पेंगते आहे, त्यांना आजचा एक ओमर दे. वॉर्डातल्या त्या माणसाला भेटायला कुणीतरी पाठव. मला पाठवणार असशील तर तसं सांग. आणि माझ्या त्या एकतीस टिकांची मला क्षमा कर. आमेन.